कुणापुढे वाकायचे, कुणासाठी? : जपानी कादंबरी-चित्रपटांतले बाप, मुलगे आणि नोकरी

जपानी कामगार संपावर गेले की दंडाला काळी फीत लावतात आणि नेहमीपेक्षा जास्त काम करतात, ही गोष्ट मी पहिल्यांदा शाळेच्या बक्षीस समारंभात ऐकली. पुढे ती अनेक व्यासपीठांवरून कानी आली. कधी तिच्यात बुटांचा कारखाना असे आणि कामगार निषेध म्हणून फक्त डाव्या पायाचे बूट तयार करत. सांगणाऱ्याला जपानशी फारसे देणेघेणे नसे. आपल्याकडच्या संपकऱ्यांना आणि आळशांना चार शब्द सुनवायचे असत, आणि त्या कामी जपान सोयीचा होता.

फिती लावून काम करण्याचा प्रकार जपानमध्ये आहे, नाही असे नाही. पण त्याच जपानमध्ये १९४८ साली तोहो या चित्रपट कंपनीतला संप मोडायला पोलिसांच्या मदतीला अमेरिकन फौजेचे रणगाडे आणि विमाने आली होती. फक्त युद्धनौका यायची राहिली, असा विनोद त्यावर रूढ झाला. १९६० मध्ये मिइकेच्या कोळसा खाणीत संप आणि टाळेबंदी मिळून जवळजवळ सगळे वर्ष गेले. १९७४ या एका वर्षात अर्धा दिवस किंवा त्याहून अधिक चाललेले ५ हजारांवर संप झाले. एवढे कळल्यावर फितीची गोष्ट सांगताना जीभ जरा अडखळते.

अलीकडे त्या गोष्टीची नवी आवृत्ती ऐकू येते. 'जुना जपानी माणूस मरेमरेतो राबला, आता तिथली पोरेही काम नको म्हणू लागली.' तिथल्या वर्तमानपत्रांतही हे रडगाणे जुनेच आहे. १९८०च्या दशकातल्या तरुणांना 'शिनजिनरुई', म्हणजे नवी मनुष्यजात, म्हणत. पुढच्यांना 'युतोरी' म्हटले गेले, शाळेने सैल सोडलेली पिढी. त्यानंतर 'सातोरी' आली, कशाचाच हव्यास न उरलेली, जणू विशीतच बोध झालेली. आता राजीनामा द्यायला धीर होत नाही म्हणून आपल्या वतीने फोन करून तो देणाऱ्या कंपन्याही निघाल्या आहेत, आणि त्या बातम्या चवीने वाचल्या जातात. पण नोकरीला लागलेल्या पदवीधरांपैकी पहिल्या तीन वर्षांत ती सोडणाऱ्यांचे प्रमाण तिथे १९९०च्या दशकाच्या मध्यापासून ३० टक्क्यांच्या आसपासच फिरते आहे. म्हणजे आज नव्या पोरांवर डाफरणारे जे खातेप्रमुख आहेत, त्यांच्याबरोबर लागलेल्यांतलाही जवळपास तिसरा हिस्सा तीन वर्षांत बाहेर पडला होता.

मग पिढ्यांमध्ये बदलले ते काय? याचे उत्तर मी पाहण्यांच्या आकड्यांत फार शोधत नाही. 'काम महत्त्वाचे वाटते का', असे कुणी विचारले तर माणूस शोभेल ते उत्तर देतो. कादंबरीत आणि चित्रपटात तो कुणासमोर वाकतो आणि घरी येऊन त्याचे काय कारण सांगतो, हे दिसते. जपानी कलाकृतींमध्ये हे वाकणे जवळजवळ एका शतकाचे आहे.

*

यासुजिरो ओझु यांचा १९३२ मधला मूकपट 'जन्मलो खरे, पण...' हा त्यासाठी सगळ्यात चांगला आरंभ. योशिई नावाचा कारकून साहेबाच्या बंगल्याजवळ राहायला येतो. त्याची दोन मुले नव्या आळीतल्या पोरांशी मारामाऱ्या करून तिथले दादा होतात. साहेबाचा मुलगासुद्धा त्यांच्या हुकमात. मग एका संध्याकाळी साहेबाच्या घरी हौसेने काढलेल्या फिल्म दाखवल्या जातात आणि पडद्यावर या दोघांचा बाप तोंडे वेडीवाकडी करून साहेबाला हसवताना दिसतो. सगळे हसतात. मुले हसत नाहीत.

घरी आल्यावर ती विचारतात, तुम्ही त्यांच्यापुढे का वाकता? ते मला पगार देतात, बाप सांगतो. पगार मिळाला नाही तर तुमची शाळा नाही, जेवण नाही. मग आम्हाला जेवण नको, असे म्हणून पोरे उपोषणाला बसतात. त्यांच्या वयाला साजेसाच हा तर्क आहे, पण तो मोडून काढता येत नाही. बापालाही तो मोडता येत नाही. तो मुलांना चोप देतो, मग दारू घेऊन बसतो, आणि आपल्यासारखे भिकार जिणे यांच्या वाट्याला येऊ नये असे बायकोपाशी बोलतो. सकाळी भाताच्या मुटक्यांपुढे उपोषण संपते. शाळेच्या वाटेवर साहेबाची मोटार दिसते तेव्हा मुलेच बापाला म्हणतात, जा, त्यांना नमस्कार करून या.

हा शेवट अनेकांना गोड वाटतो. मला तो या चित्रपटातला सगळ्यात क्रूर क्षण वाटतो. बापाने मुलांना काही समजावलेले नाही. फक्त भूक लागली. 'तुमच्यासाठी वाकतो' हे वाक्य मुलांनी गिळले, पटले म्हणून नव्हे. पुढच्या पाऊणशे वर्षांतल्या जपानी कथांमध्ये हे वाक्य पुन्हा पुन्हा येते, आणि दर वेळी त्याच्या मागचा व्यवहार वेगळा असतो. माझ्या मते पिढ्यांमधला बदल आहे तो तिथे.

ओझुंच्याही आधी, १९०९ मध्ये, नात्सुमे सोसेकी यांनी हेच भांडण उलट्या बाजूने मांडले होते. सोसेकी स्वतः १९०७ मध्ये तोक्यो विद्यापीठातली मानाची नोकरी सोडून 'आसाही' वर्तमानपत्रात पगारी लेखक झाले होते, तेव्हा कामाची प्रतिष्ठा हा विषय त्यांना परका नव्हता. त्याच वर्तमानपत्रातून क्रमशः आलेल्या 'सोरेकारा' (आणि मग) या कादंबरीचा नायक दाइसुके तीस वर्षांचा, सुशिक्षित आणि बेकार आहे. नोकरी मिळत नाही म्हणून नव्हे, करायची नाही म्हणून. बाप मेइजी क्रांतीच्या लढाईत उतरलेला, पुढे उद्योगात पैसा केलेला. माणसाने झिजावे, देशाच्या कामी यावे, असे तो ऐकवतो आणि दर महिन्याला पैसेही देतो.

दाइसुकेचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. पोटासाठी केलेले काम प्रामाणिक होऊ शकत नाही, असे तो म्हणतो. पोट भरण्याची चिंता आली की कामाचा दर्जा तिच्या मागे जातो. दुसरे म्हणजे, जपान कर्ज काढून पहिल्या प्रतीच्या राष्ट्रांशी बरोबरी करायला निघाला आहे आणि त्या धावपळीत माणसांच्या डोक्याला विचार करायची सवड उरलेली नाही. बैल व्हायला निघालेल्या बेडकाची उपमा तो देतो. जपानी माणसाची उद्योगप्रियता ही त्याच्या रक्तातच आहे असे मानणाऱ्यांनी १९०९ मधले हे भाषण जरूर वाचावे. अर्थात सोसेकी काही दाइसुकेचे वकील नाहीत. त्याची सगळी स्वच्छ मते बापाच्या पैशावर उभी आहेत, हे ते कधी विसरू देत नाहीत. मित्राच्या बायकोवरचे प्रेम तो कबूल करतो तेव्हा घरून येणारा पैसा बंद होतो, आणि कादंबरीच्या अखेरीस तो नोकरी शोधायला ट्रॅममध्ये बसतो, तेव्हा त्याला आजूबाजूचे सगळे जग लाल होऊन फिरताना दिसते.

त्याच काळातला सामान्य जपानी कामगारही आपल्या व्याख्यानांतल्या जपान्यासारखा नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुशल कारागीर जास्त मजुरी दिसली की कारखाना बदलत आणि मालक त्यांच्या नावाने बोटे मोडत. अँड्र्यू गॉर्डन यांनी जपानी कामगार-संबंधांचा इतिहास लिहिताना हे नीट दाखवले आहे. जपानी लोक निवांत आहेत, त्यांना वेळेची पर्वा नाही, असे पाहुण्या तज्ज्ञाने १९१५च्या सुमारास म्हणून ठेवल्याचे हा-जून चांग यांनी नोंदवले आहे. एका पिढीचा आळशी पुढच्या पिढीत कष्टाळू ठरतो, तेव्हा रक्तात काही बदललेले नसते.

*

आता १९५२. अकिरा कुरोसावा यांचा 'इकिरु', म्हणजे जगणे. तोहोमधल्या त्या संपानंतर कुरोसावा काही वर्षे इतर कंपन्यांकडे चित्रपट करत होते आणि याच चित्रपटासाठी ते तोहोकडे परतले, हा योगायोग मला बोलका वाटतो. वातानाबे हा नगरपालिकेतला एक खातेप्रमुख. तीस वर्षांत एकही रजा नाही, आणि तीस वर्षांत काही कामही नाही. कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर. पोटाचा कर्करोग झाल्याचे कळते आणि मग घाणीच्या डबक्याच्या जागी मुलांसाठी बाग व्हावी म्हणून तो शेवटचे महिने खर्ची घालतो.

आपल्याकडे हा चित्रपट पाहिलेला माणूस बहुधा डोळे पुसत बाहेर येतो आणि म्हणतो, कामातच जीवनाचे सार्थक आहे. आजकाल पुस्तकांच्या दुकानात 'इकिगाई'ची मराठी प्रत दर्शनी भागात असते. त्या पुस्तकाचे दोन्ही लेखक स्पॅनिश आहेत. पण त्यातला 'इकी' आणि 'इकिरु'मधला 'इकी' एकच, म्हणून दोहोंचा संदेशही एकच असे धरले जाते. माझे म्हणणे असे की चित्रपट हे सांगत नाही. निदान एवढेच सांगत नाही.

तोयो ही त्याच कचेरीतली तरुण मुलगी विसरली जाते. तिला कंटाळा आलेला आहे. सगळ्यांना तिने टोपणनावे ठेवली आहेत, वातानाबेचे 'ममी'. सरकारी, सुरक्षित नोकरी सोडून ती खेळण्यांच्या कारखान्यात मजुरी धरते, कारण तिथे बनवलेला चावीचा ससा कुठल्या तरी बाळाच्या हाती जातो हे तिला दिसते. १९५२ मध्ये! म्हणजे 'आजची पोरे अर्थ नसलेली नोकरी सोडतात' ही तक्रार करणाऱ्यांच्या आईच्या वयाची ही मुलगी. वातानाबे तिला सांगतो की आपली ममी झाली ती मुलासाठी. बायको गेल्यावर दुसरे लग्नही केले नाही ते त्याच्यासाठी. यावर ती सरळ म्हणते की मुलाने काही तुम्हाला ममी व्हायला सांगितले नव्हते. ओझुंच्या योशिईने मुलांना दिलेल्या उत्तरावर वीस वर्षांनी आलेला हा प्रतिप्रश्न आहे. आणि मुलगा? तो आणि सून बापाच्या निवृत्तीच्या पैशांतून नवे घर बांधण्याचे हिशेब करताना आपल्याला आधीच दिसलेले असतात.

शिवाय चित्रपटाचा शेवटचा मोठा भाग वातानाबे गेल्यानंतरचा आहे. श्राद्धाच्या बैठकीत सहकारी आधी श्रेय उपमहापौरांना देतात, मग दारू चढल्यावर रडून शपथा घेतात की आपणही असेच काम करू. आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत कागद पुन्हा त्याच टेबलावरून त्याच टेबलावर. काम माणसाला तारते असे म्हणणारा दिग्दर्शक एवढा वेळ या बैठकीवर घालवणार नाही.

ओझुंकडे परत येऊ. १९३२ मधल्या त्या पोरांपैकी थोरला दहाएक वर्षांचा असेल, तर १९५६ मध्ये तो चौतिशीत पोचतो. मधल्या काळात युद्ध लढून आलेला. नेमका याच वयाचा, फौजेतून परतलेला सुगियामा हा ओझुंच्या १९५६च्या 'सोशुन'चा (वसंताची चाहूल) नायक आहे. ओझुंनी असा धागा जोडल्याचे कुठे म्हटलेले नाही; हा माझा हिशेब. पण तो मनात ठेवून पाहिले की चित्रपट वेगळा लागतो. बापाला 'का वाकता' म्हणून विचारणारे ते मूल आता रोज सकाळी पांढऱ्या सदऱ्यांच्या लोंढ्यात स्टेशनकडे चालते आहे.

'सोशुन' हा ओझुंच्या आज उपलब्ध असलेल्या चित्रपटांतला सगळ्यात लांब, दोन तास चोवीस मिनिटांचा, आणि कथानक नेहमीचे आहे: नवरा, बायको, आणि आगगाडीतल्या घोळक्यातली एक मुलगी. समीक्षक बहुतेक त्या प्रकरणावरच लिहितात. पण मला त्यातली कडेची माणसे आठवतात. मिउरा हा सहकारी आजारी पडून घरी आहे. शाळेच्या सहलीत त्याने मारुनोउचीमधली ती भव्य इमारत पहिल्यांदा पाहिली आणि मोठेपणी इथेच कामाला यायचे असे ठरवले. आता अंथरुणावर त्याला कचेरीचीच ओढ आहे. तो मरतो. दुसरा, निवृत्तीला आलेला हात्तोरी. एका बारमध्ये तो सांगतो की शाळेजवळ वह्या-पेन्सिलींचे दुकान टाकायचे मनात होते, पण तीसेक वर्षांच्या नोकरीनंतर हाती येणारी रक्कम त्यालाही पुरायची नाही. युद्धातले जुने सोबती भेटतात, कुणी भांडी बनवणारा, कुणी असाच कारागीर. ते सुगियामाला नशीबवान समजतात, त्याला महिन्याचा पगार आहे! सुगियामा गप्प.

लक्षात घ्यायचे ते साल. १९५६ म्हणजे जपानच्या वेगवान वाढीचा अगदी आरंभ. जेम्स अ‍ॅबेगलेन यांचे जपानी कारखान्यावरचे पुस्तक, ज्यातून 'आजीव नोकरी' ही कल्पना जगभर गेली, ते १९५८चे. म्हणजे ज्या व्यवस्थेची पुढे तीस वर्षे आरती ओवाळली गेली, तिच्या जन्माच्या वेळीच ओझुंनी मिउराचा मृत्यू आणि हात्तोरीचा हिशेब दाखवून ठेवला होता. सुगियामाची शेवटी ओकायामा जिल्ह्यातल्या मित्सुइशीला बदली होते. पुण्यातले पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेवर बेतले आहे ती याच ओकायामातली, त्यामुळे आपल्या कानाला नाव मंजूळ लागते. चित्रपटातले मित्सुइशी मात्र विटांच्या भट्ट्यांची धुराडी. नवरा-बायको खिडकीतून तोक्योकडे जाणाऱ्या गाडीकडे बघत राहतात.

*

तरीही ही व्यवस्था टिकली, आणि माणसांनी ती मनापासून स्वीकारली, हे खरेच आहे. कारण तिने 'तुमच्यासाठी वाकतो' या वाक्याला हमी दिली. योशिईला उद्या काढून टाकले असते तर विचारणारे कुणी नव्हते. १९५०च्या दशकातले कडवे संप, मिइकेचा पराभव, त्यानंतर मालक आणि कंपनीनिहाय संघटना यांच्यात झालेली तडजोड, यांतून मोठ्या कंपन्यांच्या कायम पुरुष नोकरांना हे मिळाले: काढणार नाही, वयाबरोबर पगार वाढेल, मुलांचे शिक्षण ज्या वयात येईल त्याच वयात खिशात पैसे असतील. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सबळ कारणाशिवाय कामावरून काढणे हा अधिकाराचा गैरवापर ठरवला. बदल्यात कंपनी म्हणेल तिथे बदली, म्हणेल तेवढा वेळ काम. जपानीत नोकरीला लागण्यासाठी 'शूशोकु', म्हणजे पेशात शिरणे, असा शब्द आहे. लोक कोटी करून म्हणू लागले की हे 'शूशा' आहे, कंपनीत शिरणे. पेसा कुठला, हे कंपनी ठरवेल.

लहान कारखाने या व्यवस्थेच्या बाहेर होते आणि बायका तर होत्याच. कचेरीत लागलेल्या मुलीच्या नोकरीला 'कोशिकाके', लग्न होईपर्यंत बूड टेकायची जागा, असा शब्द होता. तोयोला नोकरी सोडणे सोपे गेले त्याचे हेही एक कारण. तिला त्या सौद्यात जागाच नव्हती.

सौद्याची किंमत किती चढली याचे एक चित्र १९८९ मध्ये दिसते. चोवीस तास लढू शकता का, असे विचारणारी एका टॉनिकची जाहिरात तेव्हा घराघरांत पोचली होती. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८८ मध्ये, वकील आणि डॉक्टरांनी 'करोशी', म्हणजे अतिकामाने होणाऱ्या मृत्यूंसाठी दूरध्वनी-सल्ला सुरू केला होता. दोन्ही एकाच देशात, एकाच सुमारास.

मग फुगा फुटला. १९९० नंतर कंपन्यांनी पन्नाशीतल्या माणसाला शक्यतो काढले नाही. विशीतल्याला घेतलेच नाही. बापांची हमी राखायला मुलांची भरती थांबवली, हे त्या काळाचे खरे पिढ्यांचे गणित. १९९३ पासूनच्या दहा-बारा वर्षांना तिथे 'नोकरीचे हिमयुग' म्हणतात. तिथे कंपन्या सरळ कॉलेजातून उचलतात. त्या एका वर्षी दार बंद असेल तर ते सहसा पुन्हा उघडत नाही. कंत्राटी, अर्धवेळ, पुरवठादारामार्फत घेतलेल्यांचा वाटा १९९० मध्ये पाचातला एक होता, तो २०१०च्या दशकात तिसऱ्या हिश्शाच्या वर गेला. २००८ मध्ये ताकिजी कोबायाशी यांची १९२९ मधली 'खेकड्यांचे जहाज' ही कादंबरी अचानक लाखांनी खपली. कामगारांच्या पिळवणुकीची ती कथा. तिचा लेखक १९३३ मध्ये पोलीस कोठडीत मारला गेलेला. वाचणारे बरेचसे तरुण होते. त्याच वर्षअखेरीस काम आणि त्याबरोबर कंपनीची खोलीही गमावलेल्या कंत्राटी कामगारांसाठी तोक्योच्या हिबिया बागेत तंबू आणि अन्नछत्र उभे राहिले.

कियोशी कुरोसावा (अकिरांशी नाते नाही) यांचा 'तोक्यो सोनाता' त्याच २००८चा. सासाकी हा मोठ्या कंपनीतला प्रशासन विभागातला अधिकारी. त्याचे काम चीनमध्ये स्वस्तात होणार म्हणून त्याला काढले जाते. त्या वेळी त्याला विचारतात, तुम्ही कंपनीसाठी काय करू शकता? त्याच्यापाशी उत्तर नाही. 'शूशा'चा अर्थ इथे एका क्षणात उघडा पडतो: त्याला पेशा नाही, कंपनी होती. घरी तो सांगत नाही. रोज कोट-टाय घालून निघतो, बागेतल्या अन्नछत्राच्या रांगेत उभा राहतो. तिथे शाळासोबती भेटतो. त्याने कामात असल्याचे भासवायला मोबाईल तासातून पाच वेळा आपोआप वाजेल अशी सोय केली आहे. घरात मात्र सासाकीचा बापपणा चढत जातो. धाकट्याला पियानो शिकायचा आहे. तो नाही म्हणतो, मारतो. योशिईपाशी पगार होता आणि मान नव्हता. सासाकीपाशी पगारही नाही, फक्त 'तुमच्यासाठी' हे वाक्य उरले आहे, आणि तेही खोटे. मॉलमध्ये सफाईकामगाराच्या नारिंगी कपड्यात तो बायकोसमोर येतो तेव्हा पळून जातो. माझ्या मते चित्रपटाचा शेवटचा भाग फार ओढाताणीचा आहे, घरफोडा वगैरे प्रकरण पेलत नाही. पण पळून जाणारा तो बाप विसरता येत नाही.

*

या सगळ्यानंतर सायाका मुराता यांची 'कोनबिनी निन्गेन' वाचावी. २०१६ची, आकुतागावा पारितोषिक मिळालेली, छोटी कादंबरी. इंग्रजी भाषांतरामुळे ती आपल्याकडेही बरीच वाचली गेली. लेखिकेने स्वतः अशा दुकानात वर्षानुवर्षे काम केलेले आहे. कथेतली केइको छत्तीस वर्षांची. चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात ती १९९८ मध्ये, दुकान उघडले त्या दिवसापासून, तासाच्या पगारावर आहे. अठरा वर्षांत आठ मॅनेजर झाले, ती तिथेच.

केइको कशी काम करते ते पाहा. दुकानातलेच अन्न खाते, म्हणून आपले शरीरही दुकानाचेच बनलेले आहे असे तिला वाटते. ताजेतवाने कामावर येता यावे म्हणून झोपते. सकाळच्या सभेत ठरलेली वाक्ये खणखणीत म्हणते. थंडी वाढली की कुठला माल पुढे आणायचा हे तिला अंगातून कळते. आता यातला एक एक गुण घ्या आणि तो १९६५ मधल्या एखाद्या पोलाद कंपनीतल्या पुरुषाला लावा. कंपनीशी एकरूप होणे, सकाळची सभा, शरीर कामासाठी राखणे, अठरा वर्षांची निष्ठा. त्याला बढती मिळाली असती, अ‍ॅबेगलेनसारख्या अभ्यासकाने त्याच्यावर प्रकरण लिहिले असते, आणि आपल्या बक्षीस समारंभात त्याची गोष्ट सांगितली गेली असती. केइकोला मात्र बहीण, मैत्रिणी, मैत्रिणींचे नवरे, सगळे विचारतात: हे असे किती दिवस? तुला डॉक्टरला दाखवायचे का? ज्याला काडीचे काम करायचे नाही असा शिराहा नावाचा एक तिरसट पुरुष तिच्या घरात येऊन राहतो, तेव्हा नातलगांना हायसे वाटते. निदान काहीतरी रीतसर झाले.

बहुतेक परीक्षणांनी केइकोला विक्षिप्त, समाजाच्या चौकटीत न बसणारी नायिका म्हटले. ते अपुरे वाटते. लहानपणी मेलेला पक्षी पाहून तो खाऊया म्हणणारी ही मुलगी विक्षिप्त आहेच; पण कामाच्या बाबतीत ती चौकटीत न बसणारी नाही, तीच जुनी चौकट ती पुरेपूर जगते आहे. फक्त समोरच्या बाजूने हमी काढून घेतली गेली आहे. निष्ठा तेवढीच, आणि बदल्यात काही नाही. अशा निष्ठेला गुण म्हणता येत नाही, म्हणून रोग म्हणतात. मुरातांनी हे कुठेही सांगितलेले नाही, आणि म्हणूनच ते लागते. शिराहाने ठरवून दिलेल्या कायम नोकरीच्या मुलाखतीला जाताना वाटेतल्या अनोळखी दुकानात केइको शिरते आणि नकळत फडताळे नीट लावू लागते. दुकानाचा आवाज तिला ऐकू येतो. वाचक हसतो, मग त्याला आपण कशाला हसलो ते नीट कळत नाही. ओझुंच्या मिउरालाही इमारतीची अशीच हाक येत होती. त्याला आपण हसलो नव्हतो.

२०१८ मध्ये जादा कामाच्या तासांवर कायद्याने मर्यादा आली: एरवी महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तास, अपवाद म्हणून वर्षाला ७२० पर्यंत. तिच्या मागे बऱ्याच मृत्यूंचा आणि खटल्यांचा इतिहास आहे. आजचा तरुण सहा वाजता उठून घरी जातो म्हणून चिडणाऱ्या साहेबाला हे माहीत असते. त्याचा खरा राग वेगळा असावा: आपण दिले ते देण्याचे या पोराला कारण उरलेले नाही, हे त्याला दिसते.

शेवटी 'परफेक्ट डेज'. विम वेंडर्स यांचा हा २०२३चा चित्रपट आपल्या चित्रपट महोत्सवांतून फार आवडीने पाहिला गेला. शिबुयातली सार्वजनिक स्वच्छतागृहे नामवंत वास्तुरचनाकारांकडून नव्याने बांधून घेण्याच्या प्रकल्पातून तो निघाला. हिरायामा ती साफ करतो, आरशाने कडेच्या आतली बाजूही तपासतो, झाडांतून झिरपणाऱ्या उन्हाचे फोटो काढतो, कॅसेटी ऐकतो. कोजी याकुशो यांना यासाठी कान महोत्सवात अभिनयाचे पारितोषिक मिळाले, ते योग्यच. हिरायामा हे नावही ओझुंच्या घरातले.

मला हा चित्रपट आवडतो आणि खटकतोही. हिरायामाची बहीण येते ती ड्रायव्हर असलेल्या मोठ्या मोटारीतून. खरेच तू संडास साफ करतोस का, असे विचारते. बापाविषयी काही जुने दुखणे आहे एवढे सुचवले जाते. म्हणजे हा श्रीमंत घरातून बाहेर पडलेला मुलगा आहे. दाइसुकेने बापाच्या पैशावर काम नाकारले, हिरायामाने बापाचा पैसा नाकारून काम पत्करले. पोटासाठी केलेले काम प्रामाणिक होत नाही हा दाइसुकेचा मुद्दा तो जणू खोडून काढतो. पण निवड करता येणे ही दोघांचीही वडिलोपार्जित इस्टेट आहे. त्याच्याबरोबर काम करणारा तरुण ताकाशी उडाणटप्पू दाखवला आहे. पुन्हा घाणच होणार तर एवढे घासता कशाला, असे तो विचारतो, आणि प्रेक्षक हसून हिरायामाच्या बाजूला जातो. १९३२ मध्ये पोरांच्या प्रश्नावर आपण पोरांच्या बाजूने होतो, हे आठवले की जरा विचित्र वाटते.

एक दिवस ताकाशी फोनवरूनच नोकरी सोडतो. त्याच्या वाटची स्वच्छतागृहेही हिरायामाला करावी लागतात, दिवस रात्रीपर्यंत लांबतो. एरवी तोंडातून शब्द न काढणारा हा माणूस कंपनीला फोन करून ओरडतो की रोज हे जमणार नाही. सबंध चित्रपटात तो एवढा एकदाच चिडतो. उन्हाचे फोटो, कॅसेटी, आरसा, सगळे जमते ते माणसे पुरेशी आहेत तोवर. दुसऱ्या दिवशी ताकाशीच्या जागी एक बाई येतात. वेळेवर, कामाचे कपडे नीट, हालचालीत सराव दिसतो. हिरायामाला त्या पसंत पडतात. कॅमेरा त्यांच्यावर मिनिटभरही थांबत नाही. त्या आधी कुठे होत्या, तासाचे किती मिळतात, घरी कुणी 'का वाकतेस' म्हणून विचारते का, काही कळत नाही. हिरायामा गाडीत बसतो आणि पुढची कॅसेट लावतो.